छत एकच, मागणारे तिघं

नमस्कार मंडळी. बोलायला सुरुवात करण्याआधी एक विनंती आहे, हॉलचा एसी दोन मिनिटं बंद करता येईल का? हो, पूर्ण बंद. थांबा जरा, ब्लोअर थांबेपर्यंत कोणी बोलू नका... हं, आता ऐका. मघाशी आपण जिला शांतता म्हणत होतो तिच्यात केवढा आवाज होता ते आत्ता कळलं ना? डोक्यावरचं ओझं उतरावं तसं वाटतंय. पण अजून एक बारीक सूंऽऽ असा आवाज वरून येतोय, मागच्या रांगांनाही येत असेल. तो एसीचा नाही. माझ्यावर रोखलेले हे जे सहा दिवे आहेत ना, त्यांच्या पोटात छोटे पंखे आहेत, एलईडी तापू नये म्हणून. ज्याने दिवे निवडले त्याने उजेड बघितला, रंग बघितले, आणि ते बरोबरच केलं, पण दिव्याचा आवाज कोणी ऐकला नाही आणि आता तो माझ्या माईकमधूनही येतोय.

आज मला ह्याच गोष्टीवर बोलायचंय. प्रेक्षागृहात ध्वनी, प्रकाश आणि अकूस्टिक्स ही तीन वेगवेगळी कामं मानली जातात, तीन वेगळे लोक, तीन वेगळी ड्रॉइंग्ज, आणि हॉल मात्र एकच असतो. मी तिन्हींचा सल्ला देतो, इतकी वर्षं देतोय, आणि माझा बराचसा वेळ उपकरणं निवडण्यात जात नाही, तो ह्या तिघांची भांडणं सोडवण्यात जातो, आणि ही भांडणं बहुतेक वेळा छतावरून होतात. का ते पुढे सांगतो, आधी थोडा पाया.

लोक विचारतात तुम्ही नक्की करता काय, स्पीकर बसवता का. नाही, आम्ही काही बसवत नाही आणि काही विकतही नाही. कन्सल्टंटने सामान विकू नये असं माझं ठाम मत आहे, कारण ज्याला स्पीकर विकायचेत त्याला प्रत्येक दुखण्यावर स्पीकर हेच औषध दिसणार. आम्ही कागदावर काम करतो, हिशोब करतो, कॉम्प्युटरवर हॉलचं मॉडेल करून त्यात आवाज सोडून बघतो, मग साईटवर जाऊन कागदावरचं तसंच बांधलं जातंय का ते पाहतो, आणि शेवटी मोजमाप घेतो. आणि अकूस्टिक्स म्हणजे साऊंड सिस्टीम नव्हे हेही एकदा सांगून टाकतो, अकूस्टिक्स म्हणजे खोलीचा स्वतःचा स्वभाव. आवाज झाला की ती खोली त्या आवाजाचं काय करते, तो पिते, परत फेकते, की घोळवत बसते, ते.

ह्या शास्त्राचा पाया वॉलेस सॅबिन नावाच्या माणसाने घातला. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली फॉग म्युझियमच्या नव्या इमारतीत एक लेक्चर हॉल होता, त्यात प्राध्यापक बोलायला लागले की काही कळायचं नाही, कारण रिकाम्या हॉलमध्ये आवाज विरायला साडेपाच सेकंदांच्या आसपास लागायचे, म्हणजे पहिला शब्द विरेपर्यंत पुढचे डझनभर शब्द त्याच्यावर येऊन पडलेले. सॅबिन फिजिक्स शिकवणारा तरुण शिक्षक, त्याला सांगितलं हे दुरुस्त कर. त्याच्याकडे मीटर नाही, माईक नाही, एक ऑर्गनचा पाईप, वेळ मोजायचं यंत्र आणि स्वतःचा कान. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, हॉलमध्ये मांडायच्या, पाईप वाजवून थांबवायचा आणि आवाज पूर्ण विरायला किती वेळ लागतो ते ऐकायचं, मग आणखी गाद्या, पुन्हा मोजायचं, आणि सकाळी सगळ्या गाद्या परत जागेवर. रात्री का, तर दिवसा रस्त्यावरच्या आवाजात इतका बारीक आवाज ऐकूच येत नाही. पुढे त्याच्या लक्षात आलं की आपल्या अंगावरच्या कपड्यांनीसुद्धा आकडे बदलतात, तेव्हा त्याने हजारो नोंदी टाकून दिल्या आणि पुढचं मोजमाप ठरावीक कपडे घालूनच केलं. मला ह्या माणसाबद्दल फार आदर वाटतो, हजारो नोंदी फेकायला छाती लागते.

१८९८ मध्ये त्याला सूत्र सापडलं आणि ते आजही आम्ही रोज वापरतो. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा आणि खोलीत आवाज पिणारं जेवढं काही आहे त्याच्या बेरजेने भागा, आलं उत्तर सेकंदात. त्याला आम्ही रिव्हर्ब टाइम म्हणतो, आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ, डेसिबल म्हणजे आवाजाचा जोर मोजायचं माप. हे सूत्र हातात धरून बांधलेला पहिला मोठा हॉल म्हणजे बॉस्टनचा सिम्फनी हॉल, १९०० साली उघडला, आणि आजही जगातल्या उत्तम हॉल्समध्ये त्याचं नाव घेतात.

हे सूत्र किती कामाचं आहे ते एका हिशोबाने दाखवतो. समजा ७०० खुर्च्यांचा हॉल आहे, घनफळ ६००० घनमीटर. बसलेला एक माणूस साधारण अर्धा चौरस मीटर आवाज पितो, म्हणजे अर्धा चौरस मीटरची उघडी खिडकी जेवढा आवाज बाहेर सोडेल तेवढा. ७०० माणसांचे झाले ३५०. भिंती, पडदे, हवा वगैरे मिळून १३० धरू. एकूण ४८०, आणि उत्तर येतं २ सेकंद. आता तोच हॉल रिकामा, आणि खुर्च्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या, गादी नाही. खुर्च्यांचे मिळून जेमतेम ३५, बेरीज १६५, आणि रिव्हर्ब जातो जवळपास ६ सेकंदांवर! दुपारी रिकाम्या हॉलमध्ये साऊंड चेक करणाऱ्याला वाटतं सगळं बिघडलंय, तो सगळं खालीवर करून ठेवतो, आणि संध्याकाळी प्रेक्षक आले की त्याचं एकही सेटिंग उपयोगाचं राहत नाही. तिथेच गादीच्या चांगल्या खुर्च्या असत्या, रिकामी खुर्चीही माणसाच्या जवळपास आवाज पिणारी, तर दुपारी अडीच सेकंदांच्या आसपास आणि संध्याकाळी दोन, एवढाच फरक. म्हणून खुर्ची निवडताना कापडाचा रंग सगळे बघतात आणि मी पाठीमागची गादी किती जाड आहे, बैठक खालून भोकांची आहे का, हे बघतो, त्यावरून माझे वादही होतात. हॉलमधला सगळ्यात मोठा आवाज पिणारा भाग तिकीट काढून दारातून आत येतो, त्याची जागा त्याच्या गैरहजेरीत कोणीतरी सांभाळायला नको का?

पण रिव्हर्ब टाइम म्हणजे सगळं काही नाही. ऑर्केस्ट्रासाठी दोन सेकंदांच्या आसपास हवा, नाटकाला, भाषणाला एक सेकंदाच्या आसपास, तबल्याचे जलद बोल ऐकायचे तर कमीच बरा, हे आकडे पुस्तकात मिळतात. तरीही दोन हॉल्सचे आकडे सारखे आणि एकात बसून समाधान होतं, दुसऱ्यात कलाकार कुठेतरी लांब काचेपलीकडे वाजवतोय असं वाटतं. कारण कानाला फक्त विरत जाणाऱ्या आवाजाचं शेपूट नको असतं, कानाला सुरुवात हवी असते. कलाकाराचा सरळ आवाज येतो, त्याच्या मागोमाग भिंतींवरून, छतावरून परतलेले आवाज येतात. हे पहिले रिफ्लेक्शन्स ५० मिलिसेकंदांच्या आत आले तर मेंदू ते मूळ आवाजातच धरतो, आवाज भरलेला आणि जवळचा वाटतो, शब्द स्पष्ट होतात. त्याहून बराच उशीर झाला आणि जोर तेवढाच राहिला तर तो प्रतिध्वनी. ५० मिलिसेकंद म्हणजे आवाजाच्या प्रवासात १७ मीटरचा फरक, हा आकडा मनात ठेवा. व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनचा मोठा हॉल १८७० चा आहे, तेव्हा सॅबिन दोन वर्षांचाही नव्हता, पण तो हॉल जेमतेम १९ मीटर रुंद आहे, बुटाच्या खोक्यासारखा लांबट आणि उंच, त्यामुळे दोन्ही बाजूंनी रिफ्लेक्शन्स लवकर येतात आणि ऐकणाऱ्याला आवाजाने वेढल्यासारखं होतं. बाजूने येणाऱ्या आवाजाचं महत्त्व शास्त्रज्ञांनी नीट मांडलं ते जवळपास शंभर वर्षांनी.

आता छत.

सहा-साडेसहा मीटर पुढे बसलेल्या प्रेक्षकाला माझा सरळ आवाज लगेच पोचतो. छत १५ मीटर उंच असेल तर छतावरून फिरून येणारा आवाज साधारण २७-२८ मीटरचा फेरा मारून येतो, म्हणजे फरक २० मीटरच्या वर, उशीर ६० मिलिसेकंदांच्या आसपास, नेमका नको तेव्हा. मग आम्ही काय करतो, तर रंगमंचाच्या पुढे वर, आठेक मीटरवर, कडक आणि जड रिफ्लेक्टर, म्हणजे आवाज परत फेकणारे फलक, टांगतो. फेरा अर्धा होतो, उशीर २५-३० मिलिसेकंदांवर येतो, आणि मधल्या रांगांना शब्द स्वच्छ मिळतात. म्हणजे अकूस्टिक्सवाल्याला रंगमंचाच्या थोडं पुढची, बरोबर ती छताची जागा हवी.

लाईटवाल्याला कुठली जागा हवी? माणसाच्या चेहऱ्यावर समोरून पडणारा उजेड साधारण ४५ अंशांतून यावा, आणि तोही एकाच रेषेत समोरून नको, दोन्ही बाजूंनी तिरका यावा, म्हणजे नाकाडोळ्यांना उठाव येतो. येल विद्यापीठात स्टॅन्ली मॅकँडलेस यांनी १९३२ साली ही पद्धत पुस्तकात मांडली आणि आजही प्रकाशयोजना शिकणारा पहिल्यांदा तीच शिकतो. दिवा फार उभा आला तर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात, फार सपाट आला तर चेहरा थापल्यासारखा आणि सावली जाऊन मागच्या पडद्यावर. ४५ अंश म्हणजे साधा हिशोब, चेहऱ्यापासून जेवढं वर तेवढंच पुढे. छत चेहऱ्याच्या सात मीटर वर असेल तर दिवा सात मीटर पुढे. म्हणजे पुन्हा तीच जागा!

आणि साऊंडवाला? त्याला मधला स्पीकर क्लस्टर, म्हणजे स्पीकरचा झुबका, रंगमंचाच्या कमानीच्या वर, थोडा पुढे हवा, कारण बोलणाऱ्या माणसाच्या बाजूनेच आवाज यायला हवा, आणि स्पीकर माईकच्या मागे गेला की शिट्टी सुरू. तिघांनी आपापली ड्रॉइंग्ज आपापल्या ऑफिसात बसून काढली की तिघंही छताच्या त्याच पट्ट्यावर हक्क सांगतात, एसीच्या डक्टवालाही येतोच, आणि जो साईटवर पहिला पोचला तो जिंकतो. मी असे हॉल पाहिलेत जिथे सुंदर रिफ्लेक्टर आहे आणि त्याच्या बरोबर खाली, त्याला झाकून, पाईपवर दिव्यांची रांग. किंवा दिव्यांसाठी ठेवलेली फट छान आहे पण स्पीकर लटकवल्यावर मधले चार दिवे स्पीकरच्या पाठीवर प्रकाश टाकतात.

ह्यातून वाट निघते, पण ती ड्रॉइंग बोर्डवरच निघते. छत सलग न करता पायऱ्यापायऱ्यांचं करायचं, खिडकीच्या झडपेच्या पट्ट्या असतात तसं. प्रत्येक पट्टीचा खालचा पृष्ठभाग आवाज प्रेक्षकांकडे फेकतो आणि दोन पट्ट्यांमधली उभी फट रंगमंचाकडे तोंड करून असते, त्या फटीतून दिवे बघतात. दिव्यांच्या मागे चालायला पूल, त्याला कठडा, उभं राहून काम करता येईल एवढी उंची. ह्या कठड्यावर मी कधीही तडजोड करत नाही. उंच शिडीवर चढून, एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने गरम दिवा फिरवणारी मुलं मी पाहिली आहेत, खाली रिकाम्या खुर्च्यांच्या कडा. ज्याने तो हॉल डिझाइन केला त्याने त्या मुलाचा विचार एक मिनिट केला असता तरी पूल झाला असता.

आणि रिफ्लेक्टर टांगले म्हणजे झालं असंही नाही. न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलची गोष्ट ह्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असते. १९६२ साली उघडला, अकूस्टिक्सचे सल्लागार लिओ बेरानेक, त्या काळातलं मोठं नाव, त्यांनी जगभरच्या हॉल्सचा अभ्यास केलेला. त्यांचा आग्रह होता साधारण २४०० खुर्च्यांच्या, लांबट चौकोनी हॉलचा, बॉस्टनसारखा. पण मधल्या काळात खुर्च्या वाढवायचा दबाव आला, आकडा २६०० च्या वर गेला, भिंतींचा आकार बदलला, आणि छताखाली रिफ्लेक्टरचे पत्रे टांगलेले होते, त्यांना ढग म्हणायचे. हॉल उघडला आणि तक्रारी सुरू झाल्या, खर्ज ऐकूच येत नाही, वादकांना एकमेकांचं वाजवणं कळत नाही. बेल लॅब्ज ह्या अमेरिकन संशोधन संस्थेच्या मॅनफ्रेड श्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आत जाऊन मोजमाप केलं. कारण समजून घ्या, ते आपल्या छताच्याच विषयातलं आहे. वरच्या पट्टीच्या आवाजाची लहर छोटी असते, तिला छोटा पत्राही भिंत वाटतो, ती आपटून परत येते. खर्जाची लहर मोठी, १०० हर्ट्झची लहर ३.४ मीटर लांब, तिला तो पत्रा दिसतच नाही, ती बाजूने वर निघून जाते. शिवाय खुर्च्यांच्या रांगांवरून घसटत जाणाऱ्या आवाजातला खर्जही वाटेत कमी होतो. दोन्ही मिळून खर्ज गेला. नंतर कितीतरी दुरुस्त्या झाल्या, शेवटी १९७६ मध्ये आतून पूर्ण तोडून पुन्हा बांधला, आणि २०२२ मध्ये पुन्हा एकदा, ह्या वेळी खुर्च्या २२०० पर्यंत कमी करून. साठ वर्षं. मला बेरानेक यांच्याबद्दल वाईट वाटतं, कारण नाव त्यांचं गेलं आणि ड्रॉइंग बदलणारे हात अनेक होते, आणि त्यांनी पुढे आयुष्यभर हा विषय सोडला नाही, जगभरच्या हॉल्सवर लिहीत राहिले.

उलटी गोष्टही आहे. लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल १८७१ चा, वर प्रचंड काचेचा घुमट, आणि पहिल्या दिवसापासून प्रतिध्वनी. आतून गोल असलेलं छत आवाज गोळा करून एका जागी आणून टाकतं. जवळपास शंभर वर्षांनी, १९६९ मध्ये, तिथे छताखाली फायबरग्लासच्या मोठ्या तबकड्या टांगल्या तेव्हा तो प्रतिध्वनी आटोक्यात आला. कुठे टांगून बिघडलं, कुठे टांगून सुधारलं, म्हणून मला कोणी विचारलं की रिफ्लेक्टर चांगले की वाईट तर मी म्हणतो आधी हॉल दाखवा.

आम्हाला बहुतेक वेळा उशिरा बोलावतात. हे माझं सगळ्यात मोठं दुःख आहे, मनापासून सांगतो. एका हॉलला मला बोलावलं तेव्हा उद्घाटनाला सहा आठवडे होते, तक्रार ही की आवाज घुमतो. गेलो तर सगळ्या भिंतींना खालपासून वरपर्यंत कार्पेट चिकटवलेलं, वर आणखी दोन इंची स्पंज लावायची तयारी. टाळी वाजवली तर टाळी मेलेली, चकचकीतपणा शून्य, आणि बोललो तर छातीतला आवाज मात्र ढगासारखा गडगडत राहिला. कार्पेट आणि पातळ स्पंज फक्त वरचे स्वर पितात, व्यंजनं म्हणजे स, त, क ज्याच्यात असतात ते, म्हणजे नेमकं जे शब्द कळायला हवं ते गेलं. १०० हर्ट्झ प्यायचा तर कडक भिंतीपासून लहरीच्या चौथाई अंतरापर्यंत सच्छिद्र माल हवा, म्हणजे ८५ सेंटीमीटर, किंवा मग मागे हवेची पोकळी ठेवून पातळ फळी थरथरेल अशी रचना. आम्ही अर्ध्याहून जास्त कार्पेट काढायला लावलं, तेव्हा मालकांचा चेहरा उतरला होता आणि मला ते समजत होतं, पैसे देऊन लावलेलं पैसे देऊन काढायचं. मागच्या भिंतीत खर्ज पिणारी पोकळी केली, बाजूच्या भिंती उघड्या ठेवल्या. हॉल बरा झाला. चांगला नाही झाला, बरा झाला, कारण घनफळ, आकार, छत हे सगळं ठरून गेलं होतं.

आता साऊंड सिस्टीमबद्दल थोडं, कारण तुमच्यातले बरेच जण त्यासाठीच आलात. हॉल लांब असेल, वर बाल्कनी असेल तर बाल्कनीखालच्या रांगांना मुख्य स्पीकर दिसत नाहीत, मग तिथे छोटे स्पीकर लावतात. ते लावून सोडून दिलं तर काय होतं, इलेक्ट्रिक सिग्नल वायरमधून झटक्यात पोचतो आणि हवेतून येणारा आवाज सेकंदाला ३४३ मीटरने चालत येतो. २५ मीटरला लागतात ७३ मिलिसेकंद. म्हणजे मागच्या माणसाला डोक्यावरच्या स्पीकरमधून शब्द आधी ऐकू येतो आणि रंगमंचावरून तोच शब्द नंतर, प्रतिध्वनीसारखा. उपाय म्हणजे मागच्या स्पीकरला मुद्दाम उशीर द्यायचा, ७३ आणि वर आणखी दहा-पंधरा. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवलं की जो आवाज आधी येतो त्याच दिशेला कान आवाज ठेवतो, मागून येणारा थोडा मोठा असला तरी. म्हणून मागच्या माणसाला ऐकू येतं डोक्यावरच्या स्पीकरमुळे, पण वाटतं की कलाकारच बोलतोय. हे नीट जमलं की त्या माणसाला स्पीकर आहे हे कळतही नाही, आणि ते पाहताना मला आजही पहिल्यांदा पाहिल्यासारखा आनंद होतो.

वायरिंगचं पटकन सांगतो. डिमरच्या केबल आणि माईकच्या केबल एका ट्रेमधून नेऊ नका, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा, नाहीतर दिवे मंद केले की स्पीकरमधून गुणगुण. आणि दिव्यांचा कंट्रोल म्हणजे डीएमएक्स, १९८६ पासून चालत आलेलं, एका लाईनवर ५१२ चॅनल, त्याला त्याचीच केबल वापरा आणि शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर लावा, म्हणजे सिग्नल टोकावरून परत फिरू नये म्हणून लावायचा छोटा प्लग. ऐन प्रयोगात दिवे आपोआप फडफडायला लागले म्हणून मला रात्री फोन आलाय, आणि निघालं काय तर मधे एक माईकची केबल जोडलेली, दिसायला सारखीच.

शांततेकडे परत येतो, एसीपासून सुरुवात केली होती ना. आवाज बाहेरून आत येतो तो भिंतीतून कमी आणि फटीतून जास्त. भिंत कितीही जाड बांधा, तिच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जागा उघडी राहिली तर ती सगळी भिंत २० डेसिबलच्या पुढे आवाज अडवू शकत नाही. दाराखालची फट, केबलसाठी पाडलेलं भोक, एवढ्याने होतं. एसीचं म्हणाल तर हवा मोठ्या डक्टमधून हळू सोडायची, खुर्च्यांच्या खालून आली तर आणखी चांगलं, पण मोठा डक्ट म्हणजे पुन्हा छतातली जागा, पुन्हा तेच भांडण. आणि दिवे! हल्लीच्या फिरत्या दिव्यांत पंखे असतात, एकाचा आवाज कानाला लागत नाही, पण तसे दहा झाले की आवाज १० डेसिबलने वाढतो, चाळीस झाले की १६ ने. म्हणून मी दिव्याच्या यादीत उजेडाच्या आकड्याशेजारी आवाजाचा रकाना ठेवतो. लाईट डिझायनर सुरुवातीला वैतागतात, पण एकदा त्यांना गच्च भरलेल्या हॉलमध्ये नाटकातला मोठा पॉज ऐकवला, नट गप्प उभा आहे, प्रेक्षक श्वास धरून आहेत आणि वरून सूंऽऽ, की पुढच्या वेळी तेच स्वतःहून विचारतात.

साऊंड ऑपरेटरला काचेच्या केबिनमध्ये बसवू नका. हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतो, आजही सांगतो. त्याला प्रेक्षकांच्यात बसवा, हॉलच्या साधारण मधोमध, बाल्कनीच्या छपराखाली नाही, भिंतीला चिकटून नाही. तो जे ऐकतो तेच मिक्स करतो, काचेमागे छोट्या मॉनिटर स्पीकरवर तो दुसरंच काहीतरी ऐकतोय, आणि मग समोरच्या आठशे लोकांना त्याच्या अंदाजावर सोडायचं? सात-आठ खुर्च्या जातात, मान्य आहे, त्या खुर्च्यांवरून मालकांशी तास तास बोलणं होतं. लाईट ऑपरेटर केबिनमध्ये चालेल, त्याला दिसलं पाहिजे, पण काच तिरकी बसवा, नाहीतर तीच काच रंगमंचावरचा आवाज परत रंगमंचाकडे फेकते आणि गायकाला स्वतःचा आवाज मागून उशिरा येतो.

हॉल तयार झाल्यावर मोजमापाचा दिवस येतो. बारा तोंडांचा, सगळीकडे सारखा आवाज फेकणारा स्पीकर रंगमंचावर ठेवायचा, खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत चढत जाणारा आवाज सोडायचा, आणि वेगवेगळ्या खुर्च्यांवर माईक ठेवून नोंदी घ्यायच्या, ह्याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे. शब्द किती कळतात त्याचा एक आकडा काढतो, शून्य ते एकच्या मधे, ०.६ च्या वर असला की आम्हाला बरं वाटतं. पण आकडे घेतल्यावर मी प्रत्येक हॉलमध्ये स्वतः फिरून बसतो, ज्या खुर्चीचं तिकीट सगळ्यात स्वस्त असेल तिथे आधी, कोपऱ्यात, खांबामागे, बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत. सहकारी रंगमंचावर उभा राहून साध्या आवाजात वर्तमानपत्र वाचतो, दिवे प्रयोगाला असतात तसे चालू, एसी चालू. बातमी कळली पाहिजे आणि वाचणाऱ्याचे डोळे दिसले पाहिजेत.

तर आता आपणही ते करू. एसी परत सुरू करायला सांगा, हो, प्रयोगात चालू असतो तसाच. पहिल्या चार रांगा उठून बाल्कनीखाली मागे जा, मागचे पुढे या, उजवीकडचे दोघं-तिघं त्या खांबामागच्या खुर्च्यांवर बसा. मी माईक खाली ठेवतो आणि हे मघाचंच, सॅबिनच्या गाद्यांचं, पुन्हा एकदा साध्या आवाजात सांगतो. ज्याला जो शब्द कळला नाही त्याने तिथेच हात वर करायचा, आणि आपण बघू त्या खुर्चीच्या वर छतात काय आहे.